एकटीचा नमुना

मी बसायच्या आधी साहेबांनी खुर्चीवर जुना पेपर अंथरला. आधी आडनाव विचारलं, मग पेपर आणला. मी उभंच राहायला हवं होतं. मी बसले.

साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ, नागपुरातल्या एका बंगल्यांच्या कॉलनीचे अध्यक्ष. कॉलनीत सगळ्यांचं मिळून जेवण झालं आणि त्यानंतर घरोघरी टायफॉईड निघाला. मी साथरोगतज्ज्ञ. आजार कुठून आला, कसा पसरला, याचा माग काढणं हे माझं काम. नोकरी कंत्राटी.

माझ्या बॅगेत शौचाच्या नमुन्याच्या डब्या होत्या. त्या पाहून साहेब हसले. म्हणाले, "एवढं शिकून शेवटी हेच उचलायचं काम? तुमच्या लोकांना सवय असते म्हणा."

कळमेश्वरजवळच्या आमच्या गावात शाळेत खरूज आली की गुरुजी आमच्या वस्तीतल्या पोरांनाच वेगळं बसवायचे. आधी कोणाला झाली, हे कोणी विचारायचं नाही. म्हणून तर मी हा विषय घेतला. इथे विचारावंच लागतं. आजाऱ्यालाही आणि धडधाकटालाही. टायफॉईडचे जंतू ठणठणीत दिसणाऱ्या माणसाच्या पोटातही राहतात, मग तो कोणत्याही घरातला असो. हे सगळं मला पाठ आहे. पण त्या पेपरावर बसून मी नुसत्या डब्या मोजत राहिले.

साहेबांनी पोळ्या करणाऱ्या बाईंना हाक मारली. त्या सक्करदऱ्याहून कामाला येतात; त्या दिवशीच्या जेवणाच्या पोळ्याही त्यांनीच केल्या होत्या. "हिचा नमुना घ्या आणि प्रकरण मिटवा. जेवणातले दहीवडे आमच्या मिसेसच्या हातचे, तिकडे बघायलाच नको."

तेवढ्यात माझ्या वरिष्ठांचा फोन आला. साहेब त्यांच्याशी आधीच बोलले होते. "बाईचा घे आणि निघ. तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात माझ्याच टेबलावर येणार आहे."

मी घाबरले. फार घाबरले. आमचं घर माझ्या पगारावर चालतं. मी एक डबी काढली आणि त्या बाईंसमोर धरली.

त्यांनी हात पुढे केला नाही.

"मॅडम, मी एकटीच काहून? दहीवडे तं मालकीणबाईनं पान्यातून काढून हातानं पिळले. माह्यावर आलं तं सारी घरं सुटतीन माही. मंग मले कोन ठेवते?"

डबी धरलेल्या माझ्या हाताकडे बघता बघता मला कळलं, गुरुजींच्या जागी आता मी उभी आहे.

मी बाकीच्या डब्या काढून टेबलावर ठेवल्या. म्हटलं, "जेवणाला ज्यांचा ज्यांचा हात लागला, त्या सगळ्यांचा नमुना लागेल. ही डबी तुमच्या मिसेसची."

साहेब लालबुंद झाले. "तुझी नोकरी गेली समज."

हे कालचं. डब्या तिथेच ठेवून मी निघाले. वरिष्ठांचे फोन येत आहेत, मी उचललेले नाहीत. उद्या सकाळी डब्या आणायला मी जाणार आहे. साहेबांच्या बंगल्यातली डबी रिकामी मिळाली, तर 'नमुना देण्यास नकार' असं त्या घराच्या नावापुढे लिहीन. एकट्या त्या बाईंच्या नमुन्यावर माझ्या सहीने अहवाल जाणार नाही. कंत्राट गेलं तरी जाणार नाही.