साहेबाचा मासा आणि आमची म्हैस

बहात्तरच्या दुष्काळात राहुरीला बायका हंडाभर पाण्यावरून एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या, आणि आमची कारभारीण ज्याच्याकडं भांडी घासायची त्या साहेबानं बैठकीत काचेची टाकी भरून मासा पाळला होता. "चितळ जातीचा आहे. कलकत्त्याहून आणलाय, इकडं कुणाकडं नाही," असं तो येईल त्याला सांगायचा. मासा विळ्याच्या पात्यासारखा चपटा, पाठीत कुबड, दिवसभर कोपऱ्यात तोंड घालून पडलेला. धन्यासारखाच, कामाचा न धामाचा.

त्याला दर दोन दिवसांनी ताजं पाणी लागायचं. काढलेलं घाण पाणी कारभारीण बादलीनं घरी आणायची. आमची गाभण म्हैस त्याच्यावरच जगत होती. मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो, तिथं पाणी मिळायचं ते माणसालाच, जनावराला नाही.

पुढं माशानं खाणं सोडलं. मटणाचा खिमा दिला तरी हुंगेना. साहेब म्हणाला, "बाई, याला जिवंतच लागतं. मेला तर टाकी काढून टाकतो."

टाकी गेली की म्हैस गेली. कारभारणीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळकरणीनं मुंगीसुद्धा मारायची नाही. तिनं एक दिवस माळ काढून खुंटीला अडकवली, आणि नदीच्या आटत आलेल्या डोहातल्या चिखलपाण्यात पदरानं बारकी मासळी धरू लागली. स्वतःच्या हातानं त्या बकासुराला घालायची.

मी म्हणायचो, "काय माळकरीणबाई, आज किती जीव घेतले?"

एकदा ती म्हणाली, "म्हशीला पानी तुमी आनता का?"

मी तंबाखू मळत बसलो. माझी अक्कल तेवढीच.

म्हैस व्याली. पुढच्या साली पाऊस झाला, साहेबाची बदली झाली. ज्याच्यासाठी गावाच्या तोंडचं पाणी ओतलं, तो मासा जाताना कुणाला तरी देऊन टाकला त्यानं. कुणाला, तेही त्याला सांगता येईना.

मी म्हटलं, "घाल की आता माळ."

"ऱ्हाऊ द्या. देवाला काय येडा समजता?"

खुंटीवरची माळ ती रोज पुसायची, गळ्यात मात्र कधी घातली नाही. मी पुष्कळ वर्षं हसलो त्याला. परवाच्या साली ती गेली, तेव्हा तिला न्हाऊ घातल्यावर मीच ती माळ काढली आणि तिच्या गळ्यात घातली. नको म्हणायला ती नव्हती.