कागद काय म्हणतो?

"कागद काय म्हणतो?"

जोगेश्वरीच्या आमच्या वर्कशॉपच्या गाळ्यात मिलिंग मशीन चालवणाऱ्या ताईंनी हे वाक्य इतक्या वेळा म्हटलंय, की भिंतीला कान लावलात तर आजही ऐकू येईल. म्हणताना अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासायच्या, जणू चिमटीत कागदाची पट्टी आहे. शेठ केबिनमधून बाहेर आला की आम्ही लांबूनच बोटं घासून विचारायचो. ताई त्याच्या तोंडाकडे बघून सांगायच्या, "अडकला." म्हणजे आज सुट्टी मागू नका.

मिलिंग मशीन तुम्ही पाहिलं नसेल तर थोडक्यात सांगतो. कॉम्प्युटरवर चालणारं हे मशीन हत्तीएवढं असतं आणि ठार आंधळं असतं. त्याच्या पोटात टूलांचा गोतावळा, एक ड्रिल वीतभर तर दुसरं बोटभर. कोण किती लांब, हे माणसाने त्याला सांगावं लागतं. जॉबवर, म्हणजे कापायच्या लोखंडावर, कागदाची पट्टी ठेवायची, टूल मुंगीच्या पावलाने खाली आणायचं आणि पट्टी हलवत राहायची. पट्टी अडकली की टूल टेकलं. तो आकडा मशीनमध्ये भरायचा. आकडा चुकला तर मशीन ते टूल थेट लोखंडात घुसवतं, आमचा शेठ मराठी बोलताना घुसतो तितक्याच आत्मविश्वासाने.

ताईंचा कागद ठरलेला होता. भिंतीवरच्या तारखेच्या कॅलेंडरचं कालचं पान. सकाळी आल्या आल्या ते फाडायचं, कात्रीने पट्ट्या कापायच्या. "गेला तो दिवस गेला, कामाले तरी येईल," म्हणायच्या. मूळच्या वऱ्हाडातल्या, लग्न करून वाकोल्यात आलेल्या. पंजाबी ड्रेसवर निळा कोट, केस टोपीत, ओढणी बाहेर खुंटीला. ती ओढणी मशीनच्या दारात कधी आली नाही.

रविवारचं पान मात्र त्या वापरत नसत. लाल शाईने ते जाड होतं म्हणे. हसू नका. मी त्यांना डोळे मिटायला लावून हातात पानं दिली होती. रविवार तर ओळखलाच, वर दुसऱ्या एका पानाला बोट लावून म्हणाल्या, "ही एकादशी दिसून राहिली." मी शपथेवर सांगतो. माझ्या शपथेचं वजन गाळ्यात कुणाला विचारू नका.

आता सावंतचं सांगतो. मालवणकडचा, बापजाद्यांपासून गिरणीतलं घराणं, हात सोन्याचा. एकदा त्याने लांब ड्रिलचा आकडा शेजारच्या आखूड टूलच्या रकान्यात भरला, ड्रिलचा रकाना रिकामाच राहिला, आणि हिरवं बटण दाबलं. ड्रिल जॉब फोडून, त्याला धरून ठेवणाऱ्या खालच्या व्हाइसमध्ये घुसलं. असा आवाज झाला, की सांताक्रूझला उतरणारं विमान घाबरून परत वर गेलं. कुणाला लागलं नाही, पण मशीन कितीतरी दिवस आजारी माणसासारखं उघडं पडून होतं.

मशीन बरं झालं, सावंत झाला नाही. बटणाजवळ गेला की हात थरथरायचा. दिवसभर कानस घेऊन जॉबच्या कडा घासत बसायचा. त्याच्या चाळीतल्या कुणीतरी नव्या टॉवरवर वॉचमनची जागा बघून ठेवली. शेठने सांगून टाकलं, "मशीनवर उभा राहतो तर राहा, नायतर जा बाबा." सावंतने जायचं ठरवलं. शनिवारी निरोपाला म्हणून आला.

ताईंनी त्याचं काहीच ऐकून घेतलं नाही. तसलंच लांब ड्रिल त्याच्यापुढे धरलं. "जाण्याआधी हे लावून दे."

"माका नाय जमाचा, ताई. हात थरथरता."

"थरथरू दे. कागद काय हाताकडे पाहून राहिला?"

सावंतने पट्टी धरली. गाळ्यातली बाकीची मशीनं आम्ही न सांगताच बंद केली. "कागद काय म्हणतो?" "सरकता." "आता?" "सरकता." "आता?" मग पट्टी जागीच थांबली. "अडकलो कागद." त्याने आकडा भरला.

तेवढ्यात टपरीचा चहा आला. ताईंनी काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास उचलला आणि बरोबर ड्रिलच्या खाली ठेवला. ग्लासाच्या काठाहून केसभर वर थांब, असा हुकूम मशीनला टाईप केला.

"दाब बटण."

"ताई, आकडो तुम्ही एकदा बघा ना."

"माझा चहा निवून राहिला, सावंत."

ग्लास गेला असता तर टपरीवाल्याने दुसरा दिला असता. सावंत गेला असता तो मात्र कायमचा, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्याने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. ड्रिल खाली यायला लागलं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला, पुढे कुणीतरी सांगायला नको? ड्रिल काठावर आलं आणि थांबलं. चहावरची साय थरथरली, सावंतचा हात नाही.

ताईंनी ग्लास अलगद बाजूला ओढला, एक घोट घेतला. "साखर कमी आहे," म्हणाल्या आणि आपल्या मशीनकडे गेल्या. सोमवारी सावंत सर्वांच्या आधी हजर.

मला खात्री होती की ताईंनी गुपचूप आकडा तपासला असणार. पुढे एकदा विचारलंच. "तपासला होता ना?"

"नाही. तपासला असता तर त्याले कळलं असतं."

"आणि ग्लास फुटला असता तर?"

"दुसरा चहा सांगितला असता. अन् पुन्हा दाबायले लावलं असतं."

आता ताई नाहीत. नोकरी संपली तशा वाकोल्यातून अकोल्याला गेल्या, मुलीकडे. गाळ्यात नवं मशीन आलंय, ते टूलांची लांबी आपली आपण मोजतं. तरी सावंत प्रत्येक टूलखाली पट्टी धरतोच. शेठ ओरडतो, "अरे, मशीन खुद मापते ना!" सावंत पट्टी हलवत म्हणतो, "मशीन मापता, पण कागद काय म्हणता ता बघतंय."

एका टूलला तो दहादा विचारतो. कालचं पान पुरत नाही, म्हणून उद्याचंही फाडतो. बाहेर अजून श्रावण चाललाय, आमच्या गाळ्यात दिवाळी होऊन गेली.

रविवारची पानं तेवढी तो वापरत नाही. खिळ्याला टोचून ठेवलीयत. परवा कुणी बघत नाही असं पाहून मी त्यातलं एक चिमटीत धरलं.

जाड लागलं.