डुकराच्या तोंडचा फुगा

पहाटेपासून धुकं असं दाटलं होतं की गल्लीचं तोंड दिसेना, आणि दवाखान्याच्या पाटीवरचा निळा रंग वाळायचं नाव घेईना. बोरूनं दोनदा फुंकर मारून पाहिली आणि नाद सोडला. बोरू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगानं काडी आणि हातात सदा ब्रश, म्हणून शाळेत कुणीतरी ठेवलेलं नाव चाळिशीपर्यंत चिकटलं ते चिकटलंच. पोटासाठी तो पाट्या रंगवायचा, जिवासाठी कॉमिक काढायचा.

बायबलातल्या उधळ्या मुलाची गोष्ट त्यानं वर्षभर खपून बत्तीस पानांत बसवली होती. धाकटा बापाकडून वाटणी घेऊन निघतो, सगळं उडवतो, डुकरं राखायची पाळी येते, तेव्हा त्याला घर आठवतं. चर्चमध्ये दिली तर लोक कौतुकानं घेतील आणि कपाटात ठेवतील. बोरूला ते नको होतं. चर्चचं दार आत उघडतं की बाहेर हेही ज्याला ठाऊक नाही, त्यानं ती दुकानात आपणहून उचलावी, एवढीच त्याची हौस.

थोरली बहीण प्रतींना पिना मारत बसली होती. चित्रांतल्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं तिचीच, मोत्यासारखी.

"ताई, चौदावं पान बघ."

"बघितलंय. माझंच अक्षर आहे."

"अक्षर नको बघू, शेपटी बघ."

चित्रात पोरगा डुकरांत बसून म्हणतोय, ‘उठतो आणि बाबांकडे जातो. चाकर म्हणून तरी ठेवतील.’ पण ताईनं फुग्याची शेपटी नेली होती थेट जाड्या डुकराच्या तोंडात.

ताईनं चष्मा पुसला, पुन्हा लावला. "अगं बाई! डुक्करच निघालं की घरी!" आणि जी हसत सुटली की स्टेपलर हातातून पडला.

"दात काय काढतेस? दोनशे छापून झाल्यात!"

"मग डुकराला बाप नसतो होय रे?"

पण थांबायला वेळ नव्हता. बसथांब्यावर पुस्तकांचं दुकान चालवणाऱ्या मावशींनी आजचीच मुदत दिली होती. "देवाधर्माचं ना? मग मागची फळी, परीक्षेच्या गाइडांशेजारी," असं त्या आधी म्हणाल्या होत्या. बोरूनं फारच गळ घातली तेव्हा म्हणाल्या, "एक प्रत पुढं ठेव. कुणी उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली, तर पुढं, राक्षस-भुतांच्या कॉमिकांच्या रांगेत लावीन. नाहीतर गाइडं."

बोरू प्रत घेऊन दुकानात पोचला तेव्हा धुक्यानं बस अडकली होती. चहा घेऊन ड्रायव्हर दुकानाशी आला, चाळा म्हणून कॉमिक उचललं. चौदाव्या पानाशी खो-खो हसला. "डुक्कर भारी आहे!" बोरूला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण ड्रायव्हर पुढं गेला. म्हातारा बाप झगा वर खोचून रस्त्यानं धावत सुटतो, त्या पानावर त्यानं कप फळीवर ठेवला. चहा निवला. मग त्यानं मागचं पुढचं उलटून पाहिलं.

"शेवटचं पान गळालंय हो."

"नाही, मूळ गोष्टच तिथं संपते," बोरू पुटपुटला.

"असं कसं? घरात जेवणं चाललीत, थोरला रुसून बाहेर उभा, बाप विनवतोय. तो आत जातो की नाही?"

मावशींनी ती प्रत ओढून घेतली. "का म्हणून जावं? राबला हा, आणि पंगत त्या उडाणटप्पूची!"

"अहो, पण बाप स्वतः बाहेर आलाय! म्हाताऱ्याला ताटकळत ठेवायचं?"

"तुम्ही नक्की घरातले धाकटे!"

"आणि तुम्ही थोरल्या!"

कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली, तरी भांडण मिटेना. शेवटी ड्रायव्हरनं प्रत विकत घेऊन काखेत मारली. "बसमध्ये चाळीस माणसं आहेत. एकेकाला विचारतो."

मावशी पुढच्या फळीकडे वळल्या. मग एका राक्षसाला त्यांनी बाजूला सारलं. "वीस आण. इथं लावते. आणि त्या डुकराला हात लावशील तर याद राख."

बोरू घरी पळतच आला. ताई पांढरी शाई घेऊन शेपट्या पुसायला बसली होती. पाच झाल्या होत्या.

"थांब, थांब! डुक्कर पास झालं! पुढच्या फळीवर, राक्षसाच्या जागी!"

ताईनं त्याच्याकडे बघितलं, बाटलीचं बूच लावलं. डोळे भरले होते तिचे, पण तोंड सरळ ठेवून म्हणाली, "बरं झालं. पण आज जिना झाडायची पाळी तुझी आहे. वरच्या मजल्यावरून सुरू कर."

बोरूनं दारामागचा झाडू घेतला आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेला.