जेमिमाच्या माथी मारलेली ओल

मनाशे तळकर बोटीवर राहायला गेला तो हौसेने नव्हे. लंडनच्या ईलिंग भागात भाड्याच्या खोलीची पाटी पाहून तो दार ठोठावी, आणि त्याचा रंग दिसला की घरमालकिणीला नेमकं तेव्हाच खोली गेल्याचं आठवे. मुंबईत गिरणीत फिटर असलेला मनाशे इथे बसच्या वर्कशॉपमध्ये होता. तिथल्याच एकाने हॅनवेलजवळ कालव्यात बांधलेली आपली जुनी लोखंडी बोट त्याला राहायला दिली. अरुंद होती, पण दार आपलं, कुलूप आपलं. त्याने बायकोला बोलावून घेतलं.

जेमिमा सदुसष्टच्या ऑक्टोबरात आली. पहिल्याच थंडीत तिचे दात वाजू लागले, तेव्हा मनाशेने मोठ्या कौतुकाने पॅराफिनचा, म्हणजे रॉकेलवर चालणारा, हीटर आणला. छपरात हवेसाठी पितळी झरोके होते, त्यातून बोचरा वारा येई. ते त्याने वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी गच्च बुजवले.

"आता बघ कशी उबेत झोपशील," तो म्हणाला.

डिसेंबरात भिंतींना घाम फुटला. सकाळी छताचे थेंब अंगावर पडत. गादी खालून ओलीचिंब झाली, आणि ट्रंकेतल्या जेमिमाच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीवर काळी बुरशी चढली. साडी मांडीवर घेऊन ती रडली. मनाशेला ते बघवेना, आणि बघवेना म्हणून तो खेकसला, "रडतेस काय? दिवसभर भात शिजवायचा, चहा उकळायचा, कपडे आत वाळत घालायचे. एवढी वाफ जाणार कुठे? तुझंच करणं आहे हे!"

दुसऱ्या दिवसापासून जेमिमाने शिजवणंच सोडलं. पाव, डब्यातले सार्डिन मासे, लोणचं. कपडे ती बाहेर बोचऱ्या थंडीत वाळत घाली. तिची बोटं सुजून लाल झाली, भेगाळली. त्याच बोटांनी ती रोज भिंती पुसून काढी.

एका रविवारी ती धुणं घेऊन बाहेर गेली असताना शेजारच्या बोटीवरची मिसेस हॉकिन्स काडेपेटी मागायला आली. आत पाऊल टाकताच तिने नाक मुरडलं, वर पाहिलं आणि म्हणाली, "अरे देवा, झरोके कोणी बुजवले? हा हीटर जेवढं तेल जाळतो जवळजवळ तेवढंच पाणी हवेत सोडतो. त्याला चिमणी कुठे आहे? गुदमरून मराल दोघं."

"भाताच्या वाफेने होत नाही ना हे?" मनाशेने चाचरत विचारलं.

"भाताने कितीशी भर पडणार? आम्ही जन्मभर बोटीवर बटाटे उकडतोय."

मनाशेने बोळे उपसले. काळा लगदा हातात आला. हीटर काढून त्याने चिमणीची कोळशाची शेगडी बसवली, गादीखाली हवा खेळावी म्हणून फळ्यांची जाळी ठोकली. जेमिमाला एवढंच म्हणाला, "कोळसा बरा पडतो." बाकी सगळं त्याने गिळलं.

बोट हळूहळू सुकली. एका सकाळी जेमिमाने भिंतीवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उजळला. "बघा, मी वाफ बंद केली आणि ओल गेली. तुमचंच बरोबर होतं हो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मनाशे नुसता "हं" म्हणाला.

पुढे त्याने आडून आडून सुचवून पाहिलं, "आता भात करायला हरकत नाही." ती म्हणे, "नको बाई, परत ओल आली तर?" आणि त्याच्या पुढ्यात थंड पाव ठेवी.

फेब्रुवारीत स्टॅनमोरहून त्याचा चुलतभाऊ योना आणि त्याची बायको शुलामीथ आले. योनाने हात चोळत चहा मागितला.

"चहा नाही करत आम्ही," जेमिमा संकोचून म्हणाली. "माझ्या वाफेने बोट कुजत होती ना."

शुलामीथची नजर तिच्या बोटांवर गेली. मनाशेला राहवेना. "तिच्याने नाही," तो एकदम बोलला. "माझ्या हीटरने. झरोके मीच बुजवले होते. मला महिन्यापासून माहीत आहे."

योना उगाच हसला. जेमिमा उठली, तिने केटल ठेवली आणि कोणाला किती साखर ते विचारलं.

पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मला एकटीला सांगता आलं असतं."

"धीर होत नव्हता."

"चार माणसांत बरा झाला? तुमचं मन हलकं झालं. मी मात्र त्यांच्यापुढे बावळट ठरले."

सांगून टाकलं की ओझं उतरेल असं मनाशेला वाटलं होतं; ते दुप्पट झालं.

जेमिमा पुन्हा रांधू लागली, हसूही लागली. आणखी एक हिवाळा बोटीवर काढल्यावर त्यांना कौन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, भाड्याचा फ्लॅट मिळाला. तिथे पहिल्याच आठवड्यात सिंकखालचा पाइप फुटला. मनाशे कामावरून आला तो किचनभर पाणी. त्याने तोंड उघडायच्या आत जेमिमा म्हणाली, "मी काही केलं नाही हो."

"पाइप जुना आहे गं," मनाशे म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा. ती मान हलवत होती, आणि खाली बसून फरशी पुसत होती.