शिशाचा डाख

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला अख्खी गल्ली डाखोबा म्हणायची आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा. कथिल-शिशाचा वितळलेला थेंब सांध्यावर टेकवला, वर फुंकर मारली की डाख पक्का, यातच त्याची हयात गेली. त्याने जोडलेला टीव्ही पोरांनी लाथाडला तरी बातम्या सांगत राहायचा.

मग शिसं विषारी म्हणून त्यावर बंदी आली. नवा डाख बहुतेक कथिलाचाच, ताठ स्वभावाचा. वस्तू हातातून निसटली की आतला सांधा तडकलाच म्हणून समजा. डाखोबा बंदीच्या नावाने बोटं मोडायचा, पण त्यात जोर नसायचा. त्याला काम शिकवणारे मास्तर जन्मभर शिशाच्या हातांनीच जेवले आणि शेवटी त्यांना पाण्याचा पेला धरवेना. अशा कायद्याला शिव्या तरी कुठल्या तोंडाने द्यायच्या?

त्याच्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, स्वरयंत्र आजारपणात काढावं लागलं. शस्त्रक्रियेआधी तिने रोजची वाक्यं हातात मावेल अशा एका यंत्रात बोलून ठेवली होती. बटण दाबलं की ताई तिच्याच आवाजात बोलायची, तोच खवचट सूर, तीच मधेच फुटणारी माया. दुसरी प्रत कुणी काढली नाही. दुरुस्ती करणारा भाऊ घरात असताना असलं कुणाला सुचतं?

एक दिवस यंत्र ओट्यावरून पडलं आणि मुकं झालं. कोपरा दाबून धरला तर अर्धं वाक्य यायचं, बोट काढलं की गप्प. कंपनीच्या केंद्रातली बाई म्हणाली, "बोर्ड बदलून देऊ. पण आतलं काही राहणार नाही."

"मग राहू दे," डाखोबा म्हणाला. "मी आहे ना."

भिंगाखाली तडा स्वच्छ दिसला, आवाज साठवणाऱ्या चिपच्या पायांशीच. नियम त्याला पाठ होता: जुना डाख पुसून काढायचा आणि त्याच जातीचा नवा लावायचा. पण ताईचा आवाज त्या ठिसूळ कथिलाच्या भरवशावर सोडायला त्याचं मन धजेना. त्याने खणातून शिशाचं जुनं रीळ काढलं आणि उरलेल्या डाखावरच मायेने एकेक थेंब सोडला. सांधे आरशासारखे चमकले. यंत्र बोललं, "आलास का शहाण्या? पाय पूस आधी." ताई हसली. डाखोबाने शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

दोन जातींचा तो डाख एकजीव झालाच नव्हता. चार्जिंगला लावलं की तापायचं, काढलं की निवायचं, आणि काही आठवड्यांत सगळे सांधे सुटले. या वेळी त्याने सगळं पुसून नियमाने करायला घेतलं. पण नव्या डाखाला आच जास्त लागते आणि मिसळलेला जुना काही केल्या निघेना. तो तापवत राहिला. चिपच भाजून निघाली. केंद्रातल्या बाईने ती तपासायला पाठवली आणि उत्तर आलं, आत काही उरलेलं नाही.

आता ताईकडे नवं यंत्र आहे. अक्षरं दाबली की ते एका तरुण मुलीच्या गोड, परक्या आवाजात बोलतं. पहिल्या दिवशी डाखोबा तिच्यासमोर स्टुलावर बसला, मान खाली घालून.

"ताई, काहीतरी बोल. हवं तर शिव्या दे."

तिने बराच वेळ अक्षरं शोधली. यंत्र म्हणालं, "तुझं काही चुकलं नाही."

त्याला कळेना, ती समजूत घालतेय की फटकारतेय. आधी एका सुरात कळलं असतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण ती यंत्राकडेच बघत होती.

"ताई, मनापासून म्हणतेस ना?"

तिने तेच वाक्य पुन्हा बोलायचं बटण दाबलं. यंत्रातल्या त्या मुलीने तितक्याच गोडपणे सांगितलं, "तुझं काही चुकलं नाही."