यांच्याकडून पाठ करून घेतलेली उत्तरं

यांच्याकडून मी आदल्या दिवशीच उत्तरं पाठ करून घेतली होती. जिना चढता का? चढतो. दम लागतो का? फारसा नाही. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी, माणसाला तयारी न करता परीक्षेला कशी पाठवणार?

परीक्षाच होती ती. यांच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरवरची गोळी दीड वर्ष छान चालली आणि मग लागू पडेनाशी झाली. स्कॅनमध्ये गाठ पुन्हा वाढलेली. डॉक्टर म्हणाले होते, गाठ आता औषधाला का दाद देत नाही ते कळलं तर पुढचं औषध नेमकं निवडता येईल, आणि त्यासाठी सुई घालून तिचा तुकडा पुन्हा काढायला हवा. पण बायोप्सी यांना झेपेल की नाही, ते बघून ठरवू. माझ्या डोक्यात एवढंच बसलं की नापास व्हायचं नाही, बस.

सकाळी यांची दाढी मीच केली. शर्टाच्या आत स्वेटर घातला, म्हणजे हाडं दिसायला नकोत. घरून निघालो तो भंवरकुआं चौकाच्या जाममध्ये अडकलो, आणि मी रिक्षावाल्यावर उगाच खेकसले. "माताजी, उड़ के जाऊं क्या?" असं तो म्हणाला तसे हे हसले, आणि हसता हसता खोकले. मी म्हटलं, खोकायचं तेवढं इथेच खोकून घ्या. अशी बाई मी.

हॉस्पिटलात व्हीलचेअर घेतली, पण डॉक्टरांच्या दाराशी यांना उठवलं. आत ताठ चालत जायचं. गेले बिचारे. डॉक्टर विचारत होते यांना आणि उत्तरं देत होते मी. दोन मजले चढतात, रोज सकाळी फिरून येतात. हे टेबलाची कडा धरून मान हलवत होते.

डॉक्टर वयाने आमच्या मुलाएवढे असतील. त्यांनी वाद घातला नाही. यांच्या बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावला आणि म्हणाले, चलिए बाबूजी, कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. अर्ध्यातच हे भिंतीला टेकले. डॉक्टरांनी आकडा बघितला आणि बाहेरची व्हीलचेअर मागवली.

मग मला स्कॅन दाखवला. गाठ खोलवर, मोठ्या रक्तवाहिनीला लागून. भोवतालचं फुफ्फुसही विरलेलं. सुई घालताना हवा बाहेर सुटली तर धडधाकट माणूस निभावून नेतो, यांच्यात तेवढी ताकद उरलेली नाही. गाठीचे अंश रक्तात येतात, औषध का चालेना ते आधी त्यातून तपासू, म्हणाले. त्यात काही सापडलं तर उत्तम. नाही सापडलं, तरी गाठीत काही नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मग अंधारात बसायचं का आम्ही? धोका आमचा, सही मी करते. तुम्ही सुई घाला."

डॉक्टर माझ्याकडून यांच्याकडे वळले. खुर्ची सरकवून यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "बाबूजी, आप क्या चाहते हैं?"

मी तोंड उघडलंच होतं. यांनी हाताने मला थांबवलं. चाळीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

"सुई नको मला," हे म्हणाले. "पहिल्या वेळेला घातली तेव्हाच ठरवलं होतं मी, पुन्हा नाही." मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझी एवढी तयारी बघून बोलवेना गं."

रक्ताच्या रिपोर्टात काही सापडलं नाही. आता अंदाजानेच औषध चालू आहे. दुपारी हे झोपले की घर खायला उठतं, मी उगाच भांडी इकडची तिकडे करते. रडू येतं, ते यांच्यासाठी येतं तसं माझ्यासाठीही येतं. महिनाभर त्या सुईची आस मी एकटीनेच धरून बसले होते. तुम्हाला हवी आहे का, एवढं मी यांना एकदाही विचारलं नाही.