नावं संपेपर्यंत

मुलगी गेल्या वर्षी तापाने गेली. जपानी ॲनिमेशनपट नगरला लागला की मला न्यायचं, असं तिचं ठरलेलं होतं. "मास्तरांनी कार्टून बघायचं?" मी हसायचो. "कार्टून नाही हो पप्पा, ॲनिमे!" ती वैतागायची.

यंदा तसा एक लागला आणि दोन आठवडे हाउसफुल्ल चालला. मी एकटाच गेलो. चित्रपट संपताच सवयीने उठलो, तर शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, बसा ना. नावं संपेपर्यंत आमच्यात कुणी उठत नाही."

खरंच, सगळं थिएटर बसून होतं. एवढी साधी रीत मला परक्या मुलीकडून शिकावी लागली. मी बसलो. वाचता न येणारी नावं वर सरकत होती, आणि ती संपू नयेत असं वाटत होतं.